बाबांच्या मृत्युपत्राची पिन काढून स्कॅन केलं, आता सगळे घाबरवतायत

उंबरठा
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे पण वाचा प्लीज, दोन दिवस झोप नाहीये नीट.

बाबांनी (वय ७८, तब्येत ठणठणीत, डोकं माझ्यापेक्षा जास्त चालतं) मागच्या महिन्यात मृत्युपत्र केलं. वकिलांनी टाईप करून दिलं, पाच पानं, प्रत्येक पानावर बाबांची सही, शेवटच्या पानावर दोन साक्षीदारांच्या सह्या, सगळं रीतसर. वकिलांनी ओरिजिनल बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाले नीट जपून ठेवा. आता जपून म्हणजे नेमकं कुठे हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. बाबांनी ते आणून माझ्याकडे दिलं, म्हणाले कागदाचा काय भरवसा, एक कॉपी कंप्युटरवर घालून ठेव.

मी आज्ञाधारक कन्या. माझ्याकडे फीडरवाला स्कॅनर आहे, त्याला सुटी पानं लागतात, म्हणून कोपऱ्यातली स्टेपलची पिन काढली, पाचही पानं स्कॅन केली आणि परत पिन मारली. जुन्या भोकांत काही केल्या बसेना म्हणून जरा बाजूला मारली. मला वाटलं मोठं काम उरकलं.

हे मी सहज वहिनीला बोलले. तिच्या ऑफिसात कुणीतरी म्हणालं की पिन काढलेलं मृत्युपत्र म्हणजे मधलं पान बदललं असा संशय घेता येतो. वहिनी वाईट मनाची नाही हो, पण ज्या सुरात तिनं ते सांगितलं त्यानंतर मला स्वतःचाच संशय यायला लागलाय.

तर आता त्या पिनेचं काय करू, ओरिजिनल कुठे ठेवू (माझ्या कपाटात, लॉकरमध्ये, वकिलांकडे?) आणि ही जी पीडीएफ झालीये तिला कायद्यात काही किंमत आहे की नुसताच फोटो?

निवृत्त_कारकून
ताई, आधी एक करा. आता त्या कागदाला हात लावू नका. दुसरी पिनही काढू नका, आधीच्या भोकांत बसवायचा प्रयत्न तर अजिबातच करू नका, आगीतून फुफाट्यात जाल. जुनी पिन टाकली नसेल तर एका डबीत ठेवा.

कोर्टाच्या रेकॉर्डला अनेक वर्षं काढली म्हणून सांगतो, संशय फक्त पान बदलल्याचा नसतो. जादा भोकं दिसली की पहिला प्रश्न येतो की याला अजून काही जोडलेलं होतं का. म्हणजे नंतर केलेली एखादी पुरवणी, जी आता कुणीतरी काढून घेतलीय. पेपरक्लिपचा गंजका डाग सुद्धा हाच प्रश्न उभा करतो, क्लिप कशासाठी होती? इंग्लंडमध्ये अशा खुणा दिसल्या तर कागद या अवस्थेत कसा आला याचं शपथेवर निवेदन मागू शकतात. इतरत्र नियम वेगळे असतील पण भांडायला टपलेल्या वारसाला तेवढं बोट पुरतं.

तुमच्या केसमध्ये प्रत्येक पानावर सही आहे हे मोठं नशीब. शेक्सपिअरचं १६१६ चं मृत्युपत्र तीन पानांचं आहे आणि तिन्ही पानांवर सही आहे, त्यामागचं शहाणपण हेच. एका सुट्या कागदावर तारखेसह लिहून ठेवा, मी अमुक दिवशी स्कॅनसाठी पिन काढली, त्याच दिवशी परत मारली, पानं पाचच होती. खाली तुमची सही आणि बाबांचीही घ्या. हा कागद मृत्युपत्राला टाचू नका, क्लिपही नको, त्याच पाकिटात नुसता ठेवा.

बिनधास्त_बंड्या
एवढ्याशा पिनेवरून रामायण 😄 आजकाल कोर्टं ऑनलाईन चालतात राव. पीडीएफ आहे ना, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाईलच्या बोटाच्या ठशासारखा एक कोड) काढून स्वतःला मेल करून ठेव, नंतर एक बिट जरी बदलला तरी कळेल. कागद गेला तर गेला.

कायदेबाई
बंड्याभाऊ, हॅशने एवढंच सिद्ध होतं की फाईल स्कॅन केल्यानंतर बदललेली नाही. सही बाबांचीच आहे का, साक्षीदार खरंच समोर होते का, आणि मुख्य म्हणजे बाबांनी नंतर मन बदलून कागद फाडला नाही ना, यातलं एकही हॅश सांगत नाही. साप सोडून भुई धोपटण्यातला प्रकार आहे.

"कागद गेला तर गेला" हे तर सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इंग्लिश कायद्याची परंपरा जिथे जिथे आहे तिथे असं मानतात की ओरिजिनल मृत्युपत्र शेवटचं ज्यानं केलं त्याच्याच ताब्यात होतं आणि मेल्यावर सापडलं नाही, तर त्यानं ते स्वतःच रद्द करायला नष्ट केलं असावं. हे गृहीत आहे, पुरावा देऊन खोडता येतं, पण खोडायची जबाबदारी तुमच्यावर. तेव्हा नुसती स्कॅन कॉपी दाखवली की समोरचा म्हणतो, हो ना, असं मृत्युपत्र होतं की, पण त्यांनीच फाडलं. तुमची कॉपी सुंदर असून उपयोग नाही कारण वाद मजकुराचा नाहीच.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे लॉर्ड सेंट लेनर्ड्स. इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायव्यवस्थेच्या शिखरावर बसलेला माणूस, मालमत्तेच्या कायद्यात ज्यांचा शब्द प्रमाण मानत. १८७५ मध्ये वारले, घरातली कुलूपबंद पेटी उघडली तर नंतरच्या पुरवण्या मिळाल्या, मूळ मृत्युपत्र गायब! ते वाचलं कसं, तर त्यांच्या मुलीनं, शार्लटनं, वडिलांसोबत ते इतक्या वेळा वाचलं होतं की तिनं आठवणीतून मजकूर लिहून दिला आणि १८७६ मध्ये अपील कोर्टानं तो मानला. इथे तुमची पीडीएफ खरंच कामाची, कारण शार्लटसारखी स्मरणशक्ती प्रत्येकीला नसते. म्हणजे कॉपी ही पडलो तर धरायची काठी आहे, तिच्यावरच चालायचं ठरवू नका.

काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्रच चालतं, अमेरिकेतल्या नेवाडा राज्यानं २००१ पासून तशी सोय केली. पण ते जन्मालाच डिजिटल येतं, त्याचे सहीचे आणि साठवणीचे वेगळे नियम असतात. कागदावर सही करून नंतर स्कॅन केलेली फाईल ही त्यातली नव्हे. लोक इथे हमखास गल्लत करतात.

शाईचा_डाग
लॉकरमध्ये ठेवू नका एवढं सांगायला आलेय!!

आमच्या नात्यातल्या एका काकांनी मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवलं होतं, लॉकर त्यांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी टाकायचं राहून गेलेलं. ते गेल्यावर बँक म्हणाली लॉकर उघडायला तुमचा हक्क दाखवणारा कागद आणा, आणि तो कागद म्हणजे मृत्युपत्र, ते लॉकरच्या आत. कोंबडी आधी की अंडं. शेवटी उघडलं पण पाच महिने गेले आणि तोवर घरात एकमेकांशी कोण बोलतंय कोण नाही याची यादी करायला लागली. बँकेची चूक म्हणत नाही मी, त्यांचा नियम होता. काकांनी किल्ली सुद्धा इतकी जपून ठेवली होती की ती पण लॉकर उघडल्यानंतर सापडली.

फाईलवाला
@शाईचा_डाग, लॉकर सरसकट वाईट नाही, दोघांच्या नावावर असेल आणि दुसऱ्याला एकट्यानं उघडायची परवानगी असेल तर ठीक आहे. एकट्याच्या नावावर मात्र नकोच.

आता स्कॅनचं सांगतो, माझा धंदाच तो आहे. फीडर कधीच वापरायचा नाही, काचेवर उलटून ठेवायचा स्कॅनर घ्यायचा आणि पिन न काढता पान हळूच मागे वळवून एकेक करायचं. कोपरा थोडा तिरका येतो, येऊ दे, उलट पिन फोटोत दिसली तर चांगलंच. पाठीमागची कोरी बाजू पण स्कॅन करायची, कोरी होती हे नंतर दाखवता येतं. रंगीत, ३०० डीपीआय (स्कॅनची बारकाई), म्हणजे शाईचा रंग कळतो. काळंपांढरं केलं की निळी सही आणि प्रिंट एकसारखं दिसतं. फाईल पीडीएफ-ए प्रकारात सेव्ह करा, तो २००५ पासून आयएसओचा मानक आहे, फॉन्टबिंट सगळं आतच असतं त्यामुळे वर्षांनी उघडली तरी तशीच दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवून तीच कॉपी मानू नका, दाबून दाबून बारीक अक्षरं गिचमिड होतात.

आणि एक चूक जी दर दुसरा माणूस करतो, पेन ड्राईव्ह आणि कागद एकाच अग्निरोधक पेटीत. कागदासाठीच्या पेटीचं रेटिंग असं असतं की बाहेर आग असताना आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या खाली राहील. कागद तेवढ्यात तगतो. डिजिटल वस्तूंसाठीचं रेटिंग ५२ अंशाचं असतं. म्हणजे आगीनंतर कागद शाबूत आणि पेन ड्राईव्हची चटणी, असं सहज होऊ शकतं. शिवाय या पेट्यांच्या आवरणात ओल असते, आत दमटपणा धरतो, सिलिका जेलची पुडी टाकून अधूनमधून बदलायची. बरं पेन ड्राईव्ह वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तरी आतला डेटा उडू शकतो. त्यामुळे एक कॉपी कंप्युटरवर, एक क्लाऊडवर, एक दुसऱ्याच घरी.

पासवर्ड घाला, पण तो फक्त बाबांच्या डोक्यात असेल तर ती फाईल असून नसल्यासारखी. गूगलमध्ये निष्क्रिय खात्याची सोय आहे, तुम्ही ठरवलेल्या काळात (३ महिन्यांपासून १८ महिन्यांपर्यंत) खात्यात हालचाल नसेल तर निवडलेल्या माणसांना डेटा देता येतो. अ‍ॅपलमध्ये लेगसी काँटॅक्ट आहे, त्याला किल्लीचा कोड आणि मृत्यूचा दाखला लागतो. दोन्ही आत्ता करून ठेवायच्या गोष्टी, नंतर काही होत नाही. आणि नुसतं गूगलवर विसंबू नका, तीन महिने वाट बघेपर्यंत घरात महाभारत होऊन जाईल.

उंबरठा
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. थँक्यू. जुनी पिन केराच्या डब्यातून शोधून काढली, हसू नका.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. घर माझ्या नावावर केलंय बाबांनी आणि बाकीचं दादाला. एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा) म्हणून आत्येभावाचं नाव आहे. आणि वहिनीनं सुचवलं की लॅमिनेशन करून टाकू म्हणजे पानंच हलणार नाहीत, करू का?

निवृत्त_कारकून
लॅमिनेशन नको!! शाई, कागदाचा पोत, सहीचा दाब, तज्ञाला जे तपासायचं ते सगळं प्लॅस्टिकखाली गेलं, आणि परत काढता येत नाही. साधं मोठं पाकीट घ्या, पानांची घडी न घालता बसेल असं. पाकिटावर जे लिहायचं ते आधी लिहा आणि मग कागद आत घाला, नाहीतर पेनाचा ठसा आतल्या पानावर उमटतो. मृत्युपत्रावर स्वतः काहीही लिहायचं नाही, "कॉपी केली" अशी बारकी नोंद सुद्धा नाही.

कायदेबाई
उंबरठा, रागावू नका पण घर तुम्हाला मिळणार, पिन तुम्ही काढलीत आणि ओरिजिनल तुमच्याच कपाटात. तुमचा हेतू स्वच्छ आहे हे मला पटतं, पण दादाच्या वकिलाला नाही पटणार. ते तुमच्या घरून आधी बाहेर काढा.

आणि मुळात एवढा घोळ कशाला? बाबा आहेत, शुद्धीत आहेत. तोच मजकूर त्याच वकिलांकडून नव्यानं प्रिंट करून घ्या, नवी तारीख, दोन साक्षीदारांसमोर परत सही. साक्षीदार ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असेच हवेत, म्हणजे वहिनी नको आणि तुमचे मिस्टरही नकोत. या वयात डॉक्टरचं तब्येतीचं पत्र त्याच दिवशी घेतलं तर अजून बरं. अर्ध्या तासाचं काम आहे, पिनेचा विषयच संपला. इतकी वर्षं लोक उलटं करताना बघतेय, कागद डागाळला की तो कसा धुवायचा ते विचारतात, दुसरा घ्यायचं कुणाला सुचत नाही.

बिनधास्त_बंड्या
ओके हॅश मागे घेतो 🙏 पण मग जुनं फाडून टाकायचं ना लगेच? दोन दोन राहिली तर अजून गोंधळ.

कायदेबाई
नव्यावर दोन्ही साक्षीदारांच्या सह्या होईपर्यंत जुन्याला हातच लावायचा नाही. आणि त्यानंतरही फाडायचं तर बाबांनी स्वतः, मुद्दाम. मुलीनं मागे आवरताना फाडलं तर ते रद्द होतंच असं नाही. नुसती काट मारून भागेल असंही समजू नका. १८७७ चा चीज विरुद्ध लव्हजॉय म्हणून इंग्लंडचा निकाल आहे, एका गृहस्थानं मृत्युपत्रावर रेघा मारल्या, मागे लिहिलं की हे सगळं रद्द, आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या रद्दीत टाकलं. मोलकरणीनं ते उचलून ठेवलं, ते बरीच वर्षं स्वयंपाकघरात पडून होतं आणि तो वारल्यावर कोर्टानं तेच मृत्युपत्र कायम धरलं, कारण रद्द करायचा हेतू होता पण कागद नष्ट केलाच नव्हता. आज तिथले आणि इतर देशांतले नियम आपापल्या वकिलाला विचारा, पण अर्धवट काहीच करू नका.

माझं स्वतःचं मत, नव्यात "यापूर्वीची सगळी मृत्युपत्रं रद्द" हे वाक्य असेल (असायलाच हवं) तर जुनं वकिलांच्या फाईलमध्ये राहू द्यावं. उद्या कुणी नवं हाणून पाडलं तर आधीही बाबांची हीच इच्छा होती हे दिसतं. माझ्या ओळखीचे निम्मे वकील यावर माझ्याशी भांडतात, ते म्हणतात एका घरात एकच.

निवृत्त_कारकून
मी त्या निम्म्यांतला. जुनं राहिलं की ते नेमकं चुकीच्या माणसाला सापडतं. गायिका अरीथा फ्रँकलिन २०१८ मध्ये गेल्या, आधी वाटलं मृत्युपत्रच नाही. मग एक २०१० चं कुलूपबंद कपाटात मिळालं आणि एक २०१४ चं, हातानं लिहिलेलं, सोफ्याच्या गादीखालच्या वहीत! मुलांमध्ये कोर्टबाजी झाली आणि २०२३ मध्ये ज्यूरीनं सोफ्यातलं खरं धरलं. कपाटाला कुलूप होतं म्हणून ते जास्त वजनदार ठरलं नाही.

शाईचा_डाग
सोफ्यात 😳 आमच्याकडे सोफ्यात रिमोट सापडत नाही.

उंबरठा, आत्येभावाला माहिती आहे का पण तो एक्झिक्युटर आहे ते?

उंबरठा
...विचारलं आत्ता बाबांना. म्हणाले "त्यात काय सांगायचं, नाव आहे की आत."

शाईचा_डाग
🤦‍♀️ घ्या.

फाईलवाला
म्हणजे ज्यानं पाकीट शोधायचं त्यालाच माहीत नाही की पाकीट आहे. हे पिनेपेक्षा मोठं झालं.

आत्येभावाला आत काय आहे हे सांगायची गरज नाही. ओरिजिनल कुठे आहे, कुणाला फोन करायचा, आणि स्कॅन कुठे आहे, एवढं एका पानावर लिहून द्या. त्या पानाचा फोटो काढून त्याच्या फोनमध्ये असू दे, हरकत नाही, कारण त्यात गुपित काहीच नाही. आणि फाईलच्या नावात तारीख घाला, "मृत्युपत्र फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" असलं काही नको. नव्यानं सही झाली की जुनी पीडीएफ वेगळ्या फोल्डरला, नावात "रद्द" घालून. प्रत्येक पानावर पुसट "प्रत" असा शिक्का टाकलेली आवृत्ती वाटायला वापरा, शिक्का नसलेला मूळ स्कॅन आपल्यापाशी. बाबांचे बँकेचे पासवर्ड मृत्युपत्रात लिहिलेले नाहीत ना? बऱ्याच देशांत प्रोबेट झाल्यावर (म्हणजे कोर्टानं मृत्युपत्र खरं धरल्यावर) ते कुणालाही बघता येतं.

उंबरठा
पासवर्ड नाहीत, देवाची कृपा.

अपडेट. वकिलांशी बोलले. त्यांनी आधी मलाच झापलं आणि मग म्हणाले परवा या, नवीन प्रिंट काढून ठेवतो, साक्षीदार म्हणून बाबांचे सकाळी फिरायला येणारे दोन मित्र चालतील, दोघंही बाबांपेक्षा लहान आहेत (हे वकिलांनी मुद्दाम विचारलं, साक्षीदार आधी गेले तर पंचाईत म्हणून). ओरिजिनल त्यांच्याच ऑफिसच्या तिजोरीत राहणार, पोच मिळणार आहे. ते निवृत्त झाले तर कागदपत्रं कुणाकडे जाणार हेही विचारून लिहून घेतलं, त्यांना जरा आवडलं नाही ते. आत्येभावाला बाबांनी स्वतः फोन केला, तो पाच मिनिटं नुसता "मला कशाला, मला कशाला" म्हणत होता. दादाला आणि मला दोघांनाही कुठे ठेवलंय ते एकाच वेळी एकाच मेसेजमध्ये कळवायचं ठरलंय, म्हणजे वहिनीचा सूर पण जरा उतरेल.

जुन्या मृत्युपत्राचं बाबा म्हणतात मी स्वतः फाडणार, सगळ्यांसमोर. त्यांना त्यात भलतीच मजा वाटतेय. कायदेबाई, सॉरी.

एकच विचारायचं राहिलं, सही कुठल्या पेनानं? बाबांना त्यांचं फाउंटन पेनच हवंय.

निवृत्त_कारकून
साधं निळं बॉलपेन. फाउंटन पेनाची शाई पाणी पडलं की पसरते, समजूत घाला त्यांची. आणि सगळ्या सह्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत, बाबांच्या आणि साक्षीदारांच्याही.

कायदेबाई
सॉरी कसलं, मृत्युपत्र त्यांचं आहे. फक्त आधी नव्यावर सह्या, मग फाडाफाडी. बाबांना उत्साहात क्रम उलटा करू देऊ नका.

उंबरठा
पिनेची डबी टाकू का मग आता?

निवृत्त_कारकून
परवापर्यंत राहू द्या.